छत्र्या दोन हव्यात: महाराष्ट्रातल्या हॅम क्लबांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबांचे पदाधिकारी आणि सभासद यांना सप्रेम नमस्कार.

दर आठवड्याला आपण दोन मीटर लहरीच्या (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) रिपीटरवर, म्हणजे आपला सिग्नल उचलून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर, भेटतो. हजेरी होते, हवापाण्याच्या गप्पा होतात, कोणी नवा हँडी, म्हणजे हातातला सेट, घेतला असेल तर त्याची चौकशी होते. यातलीच मंडळी सुटीच्या दिवशी गड चढतात आणि सिंहगडावरून, तोरण्यावरून, कळसूबाईवरून त्याच हँडीवर त्याच रिपीटरला "माथ्यावर पोहोचलो" असे कळवतात. मीही कित्येक वर्षे हेच केले. पण सह्याद्रीचा माथा आपल्याला जे देऊ करतो, त्यातला अगदी छोटा वाटा आपण उचलतो. मोठा वाटा मायक्रोवेव्हमध्ये, म्हणजे फार आखूड लहरींमध्ये, पडून आहे, आणि तो उचलण्याचा परवाना जनरल ग्रेडच्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या, प्रत्येक हॅमच्या कपाटात आहे.

जनरल ग्रेडच्या यादीत १२६० ते १३०० मेगाहर्ट्झ आणि ५७२५ ते ५८४० मेगाहर्ट्झ हे दोन पट्टे आहेत. जगभरचे हॅम क्षीण सिग्नलचे काम १२९६ आणि ५७६० मेगाहर्ट्झच्या आसपास करतात. हे दोन्ही आकडे आपल्या पट्ट्यांच्या आत पडतात, म्हणजे परदेशात तयार झालेली रचना, सर्किटे, फीडची (डिशच्या तोंडाशी बसणाऱ्या छोट्या अँटेनाची) मापे आपल्याला जशीच्या तशी वापरता येतात. याच यादीत ३३०० ते ३४०० हाही पट्टा होता. २०२२ च्या लिलावात ३३०० पासून ३६७० पर्यंतचा स्पेक्ट्रम फाइव्ह-जीसाठी विकायला निघाला, तेव्हा "इथे आम्ही अमुक अमुक प्रयोग करतो, ही आमची लॉगबुके" असे सांगायला आपल्याकडे काहीच नव्हते. लॉग दाखवला असता तर पट्टा वाचला असता, असे मी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या पैशापुढे आपण कोण. पण आपण बाजू मांडायलाही उभे राहू शकलो नाही, ही गोष्ट मला अजून सलते. १२९६ च्या पट्ट्यावरही उपग्रह दिशादर्शनाच्या बाजूने दबाव आहे आणि २०२३ च्या शेवटी दुबईत भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेत त्यावर चर्चा झाली. आपल्या लॉगबुकांत तेव्हाही त्या पट्ट्याच्या नोंदी जवळपास नव्हत्याच.

हे पट्टे ओस का आहेत? भाग महाग असतात, मोजमापाची साधने नसतात, ही उत्तरे मी पुष्कळदा ऐकली आहेत. आता ती फारशी खरी राहिलेली नाहीत. माझ्या मते खरे कारण साधे आहे: मायक्रोवेव्ह एकट्याने होत नाही. दोन मीटरवर तुम्ही नवा सेट लावलात, सीक्यू, म्हणजे "कोणी आहे का" अशी हाक, दिलात, तर कोणी ना कोणी उत्तर देतो. ५७६० वर साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम सहा अंशांचा. त्या झोतात दुसऱ्या टोकाला तसाच सेट घेतलेला, आपल्याकडेच तोंड केलेला माणूस असावा लागतो. नसला तर तुमचा सेट कितीही चांगला असो, डोंगराशी बोलतो. हौशी माणूस सहा महिने खपून एक सेट बनवतो, दोन वेळा गच्चीवर लावतो, कोणी मिळत नाही, आणि डिश माळ्यावर जाते. अशा माळ्यावर गेलेल्या डिशा मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून माझी विनंती व्यक्तींना नाही, क्लबांना आहे: सेट बनवाल तेव्हा जोडीने बनवा आणि जोडीनेच उसने द्या.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. जानेवारीतली सकाळ होती. मी दस्तुरी नाक्यापासून पाठीवर डिश बांधून माथेरानच्या पश्चिम कड्यावर गेलो. माझा सोबती नवी मुंबईत सातव्या मजल्याच्या गच्चीवर. मधले अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, धुके विरल्यावर इमारती डोळ्यांना दिसत होत्या. दोघांकडे भंगारवाल्याकडून आणलेली डीटीएचची छत्री, मागे प्लूटो एसडीआर (संगणकावरून चालणारा छोटा रेडिओ) आणि लॅपटॉप. समन्वयासाठी हँडीवर १४५ मेगाहर्ट्झ सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरशिवाय थेट. तीन तास झाले, काही नाही. तो "पाठवतोय" म्हणे, मी वॉटरफॉलकडे, म्हणजे सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या पडद्याकडे, डोळे लावून बसे. उन्हं चढली, लॅपटॉपची बॅटरी संपली, परत आलो.

चूक दोन ठिकाणी होती आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. डीटीएचची छत्री ऑफसेट असते. तिचे तोंड जिकडे दिसते तिकडे तिचा झोत जात नाही. झोत त्याच्या वर वीस-पंचवीस अंशांवर निघतो. आम्ही दोघांनी छत्री क्षितिजाकडे सरळ उभी केली होती, म्हणजे दोघांचेही झोत आकाशात गेले. क्षितिजावरचा माणूस गाठायचा तर ही छत्री पुढे वाकवावी लागते, इतकी की ती पायाखालच्या मातीकडे बघते आहे असे वाटावे. डोळ्याला ते पटत नाही, पण तसेच बरोबर असते. दुसरी चूक फ्रिक्वेन्सीची. साध्या क्रिस्टलमध्ये पंचवीस पीपीएमची (दशलक्षात पंचवीस भागांची) तफावत असू शकते. १४५ मेगाहर्ट्झवर ती साडेतीन किलोहर्ट्झ होते, कोणाच्या लक्षातही येत नाही. ५७६० वर तीच १४४ किलोहर्ट्झ होते. आमचे दोन सेट एकमेकांपासून ९० किलोहर्ट्झ दूर होते. चुकीच्या दिशेच्या डिशमधूनही एक बारीकशी रेघ पडद्यावर उमटली असणार. पण आम्ही पडद्याचा जो तुकडा बघत होतो, ती त्याच्या बाहेर होती.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. या वेळी सोबत्याने गच्चीवरून आरसा चमकवला, आणि त्या ठिणगीवर मी डिश रोखली. एसडीआरचा पडदा दोनशे किलोहर्ट्झ रुंद करून ठेवला. त्याने कळ दाबली आणि पडद्यावर जाड पिवळी रेघ उभी राहिली. पाच मिलीवॅट. एसएसबीत (आवाज अरुंद पट्ट्यात पाठवण्याच्या पद्धतीत) त्याचा आवाज असा आला की जणू शेजारी बसून बोलतो आहे; पाठीमागे रिपीटरची खरखर नाही, बोलणे संपल्यावर रेंगाळणारी शेपटी नाही. मी डिश मुद्दाम दहा अंश फिरवली, तरी आवाज ऐकू येत होता. फीडसमोर हात धरला, आवाज खाली गेला. हात काढला, परत आला. रेडिओ लहर हातात धरता येते हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळले.

याचे गणित क्लबच्या सभेत फळ्यावर मांडण्यासारखे आहे. ५७६० मेगाहर्ट्झवर शंभर किलोमीटरच्या मोकळ्या वाटेत सुमारे १४८ डेसिबल नुकसान होते. आकडा भीतिदायक वाटतो. पण साठ सेंटिमीटरची डिश प्रत्येक टोकाला २८ डेसिबलच्या आसपास परत देते. दहा मिलीवॅट पाठवले तर पलीकडे उणे ८० डीबीएम (एका मिलीवॅटच्या तुलनेतले डेसिबल) पोहोचतात, आणि एसएसबीच्या रुंदीत चांगल्या रिसीव्हरचा गोंगाट उणे १३७ च्या जवळ असतो. म्हणजे हाताशी पन्नासहून जास्त डेसिबल शिल्लक. दहा मिलीवॅटमध्ये! अट एकच, वाट मोकळी हवी. ती अट पुरी करायलाच तर डोंगर आहेत. सपाटीवरच्या माणसाला जी गोष्ट शंभर फुटी मनोरा बांधून मिळवावी लागते, ती आपल्याला दोन तास चढून मिळते.

वाट मोकळी म्हणजे किती मोकळी, हेही फ्रिक्वेन्सीवर ठरते. लहर दोऱ्यासारखी जात नाही, मधोमध फुगलेल्या लांबट भोपळ्याएवढी जागा तिला लागते. सव्वाशे किलोमीटरच्या वाटेत मध्यावर दोन मीटर बँडला आजूबाजूला अडीचशे मीटर मोकळीक हवी. ५७६० ला चाळीस मीटर पुरतात. आपल्या खिंडी आणि कातळांच्या मुलखात हा फरक मोठा आहे. ज्या खिंडीतून दोन मीटर अंग चोरत जातो, तिथून पाच सेंटिमीटरची लहर आरामात निघते.

हा विषय आपल्याला परका नाही. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरींचे जाहीर प्रयोग केले. त्यांच्या त्या काळातल्या कामातल्या लहरी मिलिमीटरांच्या होत्या. ६० गिगाहर्ट्झपर्यंत ते पोहोचले होते. आज आपण ज्याला हॉर्न अँटेना म्हणतो तसे फनेल त्यांनी वापरले. जग नंतर लांब लहरींकडे वळले आणि मिलिमीटर लहरींकडे परत यायला त्याला अर्धशतक लागले. ज्या देशात हे काम सुरू झाले तिथल्या हॅमांनी ४३८ मेगाहर्ट्झच्या पुढे पाऊल टाकायला कचरावे, हे मला बरे वाटत नाही.

आता समुद्राकडे बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईजवळच्या एका रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसत. अंतर हजार मैलांहून जास्त. रडार सुमारे २०० मेगाहर्ट्झचे होते आणि हे घडे ते पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात. मॉन्सून आला की पल्ला पुन्हा नेहमीसारखा. कारण असे की त्या महिन्यांत अरबी समुद्रावर ओलसर थंड हवेचा थर खाली आणि कोरडी उष्ण हवा वर, अशी झाकणी बसते. लहर त्या दोहोंमध्ये अडकून पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत जाते. मायक्रोवेव्हला तर हा बोगदा जास्तच मानवतो, कारण लहर जितकी आखूड तितका पातळ थर पुरतो. याच पद्धतीच्या बोगद्यातून १९९१ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगराच्या उतारावरून ५७६० मेगाहर्ट्झवर कॅलिफोर्निया गाठले गेले होते, जवळपास ४,००० किलोमीटर. तिथेही डोंगर होता, समुद्र होता आणि चिकाटीने वाट पाहणारे दोघे होते. आपल्याकडे रत्नागिरीपासून सिंधुदुर्गापर्यंत सडे आहेत, पुढे गोव्याचा किनारा आहे. मार्च ते मेमध्ये पहाटे आणि संध्याकाळी एकाने हरिहरेश्वरच्या बाजूला आणि दुसऱ्याने गोव्याच्या किनाऱ्यावर, समुद्राला समांतर, १२९६ लावून बसावे. काय मिळेल ते मला आधी सांगता येणार नाही, आणि म्हणूनच बसावे.

आता सुरुवात करायची कुठून? ज्यांना अजून काहीच पाठवायचे नाही त्यांनी घरची जुनी छत्री फिरवावी. आपल्या डीटीएचच्या छत्र्या दक्षिणेच्या आसपास बघतात. हीच छत्री पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून ३३ अंशांच्या आसपास वळवली तर मुंबईतून एस-हेल-२ हा उपग्रह मिळतो. २०१८ च्या नोव्हेंबरात तो सोडला गेला, २५.९ अंश पूर्वेला उभा आहे आणि त्यावर हॅमांसाठीचा ट्रान्सपॉन्डर (ऐकलेले परत खाली पाठवणारे यंत्र) आहे, क्यूओ-१०० नावाचा. त्याचा नॅरोबँड भाग १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झमध्ये खाली येतो. ९७५० च्या लोकल ऑसिलेटरचा युनिव्हर्सल एलएनबी, म्हणजे छत्रीपुढे बसून सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली उतरवणारा डबा, लावला की तोच (१०४८९.५ वजा ९७५०) ७३९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे दिसू लागतो, आणि तिथे आरटीएल-एसडीआरचा (संगणकाला लावायच्या स्वस्त रिसीव्हरचा) साधा डोंगल पुरतो. युरोपातले, आफ्रिकेतले हॅम एसएसबीत बोलताना ऐकू येतात. दहा गिगाहर्ट्झ म्हणजे काही अगम्य गोष्ट आहे ही भीती एका दुपारी निघून जाते. ऐकण्याने डिश रोखण्याचा हात बसतो, आणि डोंगरावर खरी गरज त्याच हाताची असते.

पाठवायचे असेल तर ५७६० चा फीड घरी होतो. आतला व्यास ३८ मिलिमीटरच्या आसपास असलेली तांब्याची नळी, एका बाजूने बंद, आत प्रोब (तारेची छोटी काडी). अशी नळी एसीवाल्याकडे किंवा भंगारात मिळते. व्यास चाळीसपर्यंत नेऊ नका, तिथे नको असलेला दुसरा मोड (लहरीची वेगळी मांडणी) वाहू लागतो. १२९६ साठी या छत्रीचा उपयोग नाही. २३ सेंटिमीटरच्या लहरीला साठ सेंटिमीटरची डिश फारच लहान. तिथे सव्वा-दीड मीटरच्या बूमची (मधल्या दांड्याची) यागी, जुन्या टीव्ही अँटेनासारखी, लावा, ती गडावर न्यायलाही सोपी. दोन्ही टोकांनी अँटेना आडव्या ध्रुवणात ठेवा, म्हणजे लहरीचे कंपन आडवे राहील. आणि लांब केबल लावू नका, या फ्रिक्वेन्सीवर साधी केबल मीटरभरातच पुष्कळ शक्ती खाऊन टाकते. रेडिओ डिशच्या पाठीलाच बांधा.

शाळा-कॉलेजांशी जोडलेल्या क्लबांना माझे आणखी एक सांगणे आहे. ड्रोनवर बसवतात ते ५.८ गिगाहर्ट्झचे ॲनालॉग व्हिडिओ ट्रान्समीटर ५७४०, ५७६०, ५७८०, ५८०० अशा चॅनलांवर चालतात. पंचवीस मिलीवॅटचा असा ट्रान्समीटर आणि दोन टोकांना दोन छत्र्या, एवढ्यावर दृष्टिरेषेतल्या दोन डोंगरांत हलते चित्र जाऊ शकते. पट्ट्याबाहेरचे वरचे चॅनल बंद ठेवा, आणि कळ परवानाधारकाच्याच हातात असू द्या. एका गडावरच्या मुलांना दुसऱ्या गडावरची मुले हात हलवताना दिसली तर त्या वर्गातून किती हॅम तयार होतील, याचा विचार करा. मोबाइल नेटवर्कशिवाय, मधल्या कोणत्याही कंपनीशिवाय.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशा, आणि ती १४०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत आकाश ऐकते. १२६० ते १३०० तिच्या कानात बसतात. तेव्हा जुन्नर परिसरातल्या कोणत्याही डोंगरावरून १२९६ वर पाठवू नये; आपल्या छंदासाठी तिथल्या शास्त्रज्ञांचे काम बिघडता कामा नये. गडांवर खिळा ठोकायचा नाही, तटबंदीला दोरी बांधायची नाही. तिपाई न्यावी, तिच्या मधोमध दगडांची पिशवी लटकवावी. वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते तिथे ती आधी घ्यावी, आणि परवान्यातल्या पत्त्याबाहेरून स्टेशन चालवण्याच्या अटी प्रत्येकाने आपापल्या कागदावर वाचाव्यात. आग्या मोहोळ असलेल्या कड्याजवळ बसू नये. वळवाचे ढग दिसले की सगळे सोडून खाली उतरावे. त्या ढगांवरून पाच-सहा गिगाहर्ट्झची लहर परततेही, युरोपात हॅम पावसाच्या सरींवरून शेकडो किलोमीटर बोलतात, आणि आपल्याइतका पाऊस त्यांच्याकडे नाही. पण तो प्रयोग गावातल्या गच्चीवरून, पावसापासून दूर राहून करायचा. विजेच्या वेळी धातूची छत्री घेऊन माथ्यावर थांबायचे नाही.

क्लबांकडून मला हवे ते एवढे. एका हिवाळ्यात ५७६० चे दोन एकसारखे सेट बनवा: दोन छत्र्या, दोन फीड, दोन एसडीआर, दोन तिपाया. सगळे एकाच पेटीत ठेवा आणि जो कोणी मागेल त्याला ती पेटी जोडीदाराच्या नावासकट द्या, एकट्याला देऊ नका. वर्गणी काढली तर हा खर्च बहुतेक क्लबांच्या आवाक्यात आहे. आपण रिपीटरच्या एका डुप्लेक्सरसाठी (एकाच अँटेनावर पाठवणे-ऐकणे जमवणाऱ्या गाळणीसाठी) याहून जास्त जमवले आहेत. पेटीबरोबर एक वही द्या. या टोकाला कोणता डोंगर, त्या टोकाला कोणता, किती अंतर, किती डेसिबल, हवा कशी. ही वही पुढे कधी दिल्लीत टेबलावर ठेवावी लागेल.

आणि पहिली नोंद मी सुचवतो. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. राज्यातली सर्वांत उंच दोन शिखरे. सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीच्या वक्रतेने मध्यावर जमीन सुमारे २३० मीटर वर येते, पण खाली नाशिकचे पठार सहाशेच्या आसपास असल्याने तिथे अडचण नाही. शंका आहे ती उत्तरेच्या सप्तशृंगीच्या रांगेची. रेषा तिच्या पश्चिमेने जाते, पण किती अंतराने, ते नकाशावर उंचीचा छेद काढूनच ठरवायला हवे. तो छेद मी काढायला घेतला आहे. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे काढून ताडून पाहिला तर बरे होईल.

डिसेंबरात, सुटीची गर्दी टाळून एखाद्या मंगळवारी, मी बारीच्या वाटेने कळसूबाईवर जाईन. लोखंडी शिड्यांवरून छत्री न्यायची म्हणजे वाऱ्याआधी, पहाटेच चढावे लागेल. सकाळी नऊला देवळाच्या उत्तर बाजूला डिश साल्हेरकडे रोखून बसेन, ५७६०.१०० वर, आडव्या ध्रुवणात, पडदा दोनशे किलोहर्ट्झ रुंद. सोबत आरसा असेल. साल्हेरवाडीतून वर चढायला दोन माणसे हवी आहेत. दुसरा सेट तयार आहे, फीड लावून, पेटीत.

७३ (हॅमांच्या भाषेत सप्रेम नमस्कार)
माथेरानच्या कड्यावर दोनदा चढलेला एक हॅम